इन्क्लुझिव्हिटीला मराठीत काय म्हणायचं? समावेशकता, समावेशन, सर्वसमावेशक, समावेशित... आणि कुठे काय चालणार नाही

शब्दवेल्हाळ

एका सार्वजनिक वाचनालयाच्या नियमावलीचं मराठी करायचं आहे. मूळ मसुदा इंग्रजी. त्यात 'इन्क्लुझिव्ह' आणि त्याची भावंडं वीसेक वेळा आली आहेत आणि प्रत्येक ठिकाणी 'सर्वसमावेशक' ठोकून दिलं की मराठी वाचवत नाही. उदाहरणं देतो: वर्गणी कर इन्क्लुझिव्ह आहे. वाचनालय १ ते १० जून, दोन्ही दिवस इन्क्लुझिव्ह, बंद राहील. मग इन्क्लुझिव्ह एज्युकेशनच्या धोरणाला पूरक उपक्रम, बचत गटांसाठी फायनान्शियल इन्क्लुजनचं शिबिर. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: आमचं वातावरण इन्क्लुझिव्ह आहे. या सगळ्यांना एकच शब्द कसा चालेल? जाणकारांनी मदत करावी. संतवाङ्मयाचे दाखले कृपया नकोत, ते मसुद्यात घालता येत नाहीत.

कोशकीटक

पहिल्या दोन वाक्यांत समावेशाचा काही संबंधच नाही. तिथे आपले जुने शब्द आहेत: धरून, सकट, सहित, मिळून. 'वीजबिल धरून भाडं', 'सालासकट बटाटा', 'सर्व करांसहित'. कमाल किरकोळ किमतीसोबत वेष्टनावर हेच छापलेलं असतं. 'करसमावेशक वर्गणी' असं लिहिलंत तर सभासद वर्गणी भरायच्या आधी अर्थ विचारायला येतील.

व्युत्पत्ती थोडक्यात. विश् म्हणजे आत शिरणे. प्रवेश, आवेश, अभिनिवेश सगळे त्याच धातूचे. सम् + आ + विश् म्हणजे एकत्र आत येणे. समावेश ही क्रिया, समावेशन ही घडवून आणण्याची प्रक्रिया, समावेशक म्हणजे आत घेणारा, समावेशित म्हणजे आत घेतलेला आणि समावेशकता हा गुण. 'समावेशी' हा हिंदीत रुळलेला शब्द आहे (समावेशी विकास, समावेशी शिक्षा). तो चुकीचा नाही, पण मराठीत समावेशक असताना त्याची गरज नाही.

ताळेबंद

कोशकीटकांशी सहमत, फक्त कराचा हिशोब नीट करा. भाषेतली चूक पुढे पावतीत उतरते. वर्गणी 'करांसहित ११८० रुपये' असेल आणि कर १८ टक्के असेल, तर मूळ रक्कम ११८० भागिले १.१८ म्हणजे १००० आणि कर १८०. बरेच जण ११८० चे १८ टक्के काढतात, ते २१२ रुपये ४० पैसे होतात आणि पुस्तकं जुळत नाहीत. 'अधिक कर' लिहायचं असेल तेव्हा 'कर वेगळा' लिहा. 'कर अतिरिक्त' हा शब्द लोक 'जास्तीचा कर' असा वाचतात.

मसुदेकार

तारखांचं प्रकरण याहून नाजूक आहे. बोली मराठीत '१ जूनपासून बंद' म्हटलं की १ जून त्यात आलाच. पण १८९७च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट) कलम ९ पाहा: कालावधी मोजताना 'पासून'ला असलेल्या इंग्रजी शब्दाने पहिला दिवस वगळला जातो आणि 'पर्यंत'ला असलेल्या शब्दाने शेवटचा दिवस धरला जातो. म्हणजे कायद्याचं 'पासून' आणि घरातलं 'पासून' एका दिवसाने वेगळे. म्हणून सूचनेत 'दि. १ ते १० जून (दोन्ही दिवस धरून)' हे पूर्ण लिहायचं. दहातून एक वजा करून नऊ दिवस मोजणारे दंडाच्या हिशोबात हमखास भेटतात.

याच अंगाने आणखी एक. कायद्याच्या व्याख्यांत दोन साचे असतात. 'याचा अर्थ अमुक' ही बंद व्याख्या. 'यात अमुक अमुक यांचा समावेश होतो' ही उघडी व्याख्या, यादीत नसलेलंही त्यात बसू शकतं. तुमच्या नियमावलीत 'सभासद' या शब्दाची व्याख्या करताना हा फरक जपा. 'सभासद यात विद्यार्थी सभासदाचा समावेश होतो' म्हटलं तर बाकीचे सभासद बाहेर पडत नाहीत. 'सभासद म्हणजे विद्यार्थी सभासद' म्हटलं की पडतात.

कोशकीटक

आणि 'सर्वसमावेशक'. या शब्दाची खरी अडचण अशी की त्याला आधीपासून दुसरी नोकरी आहे. मराठीत तो मुख्यतः 'काही न सुटलेला' या अर्थाने वापरला जातो: सर्वसमावेशक अहवाल, सर्वसमावेशक विमा. त्यात मुद्दे सुटलेले नाहीत, माणसांचा प्रश्नच नाही. नंतर अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या (२००७-१२) सुमाराला 'सर्वसमावेशक विकास' वर्तमानपत्रांत आला आणि तोच शब्द 'कोणी न सुटलेला' या अर्थानेही धावायला लागला. आता 'सर्वसमावेशक धोरण' वाचलं की त्यात सगळे विषय आहेत की सगळी माणसं, हे कळत नाही.

माझी सूचना: विषय सगळे असतील तर सर्वंकष. माणसं सगळी असतील तर नुसतं समावेशक. 'सर्व' लावून गुण वाढत नाही, समावेशकतेत कोणी गाळायचं नाही हे आलंच.

खडूफळा

शिक्षणाच्या बाबतीत शब्द फार जपून वापरा, इथे प्रत्येक शब्दामागे वेगळी व्यवस्था आहे.

अपंग मुलांच्या शिक्षणाच्या १९७४च्या केंद्रीय योजनेच्या नावात 'एकात्मिक' होतं. कल्पना अशी की अपंगत्व असलेलं मूल नेहमीच्या शाळेत बसवायचं, शाळा आहे तशीच. जून १९९४मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ देशांची सरकारं आणि २५ आंतरराष्ट्रीय संस्था जमल्या आणि त्यांच्या जाहीरनाम्याने भर उलटा केला: मूल शाळेला जुळवू नका, शाळा मुलाला जुळवा. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या २००६च्या करारात अनुच्छेद २४ याच विषयावर आहे, भारताने तो १ ऑक्टोबर २००७ला मान्य केला. त्यातून आलेल्या २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात कलम २(एम)मध्ये समावेशक शिक्षणाची व्याख्या आहे. तिचे दोन भाग आहेत: अपंगत्व असलेले आणि नसलेले विद्यार्थी एकत्र शिकतात, आणि शिकवण्याची पद्धत गरजेनुसार योग्य तशी बदललेली असते. पहिला भाग झाला आणि दुसरा नाही, तर ते एकात्मीकरण. दोन्ही झाले तर समावेशन.

प्रत्यक्षात बिघडतं ते दुसऱ्या भागात. अंधुक दिसणाऱ्या मुलाला पहिल्या बाकावर बसवतात, पण फळ्यावर खिडकीची तिरीप येते ती तशीच. मोठ्या टाइपातलं पुस्तक मिळतं, पण प्रश्नपत्रिका नेहमीच्या टाइपात. परीक्षेला लेखनिक देतात, पण भूमितीची आकृती तोंडी कशी सांगायची याचा विचार नसतो. जादा वेळेचं मान केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ताशी किमान २० मिनिटं आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तो तास मिळतो, पण तेवढ्यात शिपाई बाकं आवरायला लागतो. मूल पटावर आहे, वर्गात आहे, आणि तरी बाहेर आहे.

व्याकरणाचा एक किडा: आपल्या शिक्षण खात्यात 'समावेशित शिक्षण' रूढ आहे. अर्थाने पाहिलं तर समावेशित म्हणजे 'आत घेतलेलं', म्हणजे शिक्षणच आत घेतलं गेलं. हवं होतं समावेशक. पण खात्याच्या योजनेचं नाव लिहाल तेव्हा ते आहे तसंच लिहा, तिथे दुरुस्ती करू नका, पत्र भलत्या टेबलावर जाईल.

ताळेबंद

'वित्तीय समावेशन' हा रुळलेला शब्द आहे, तो ठेवा. इथे 'समावेशकता' बसत नाही, कारण ही मोजायची प्रक्रिया आहे. २८ ऑगस्ट २०१४ला जनधन योजना सुरू झाली तेव्हा मोजमाप म्हणजे खाती किती उघडली एवढंच चर्चेत होतं. रिझर्व्ह बँकेचा २०२१पासूनचा वित्तीय समावेशन निर्देशांक मात्र भार असा वाटून देतो: पोहोच ३५ टक्के, वापर ४५, दर्जा २०. सगळ्यात जास्त भार वापराला. खातं उघडलं पण दोन वर्षं खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय ठरतं. शिबिराच्या जाहिरातीत 'खाती उघडून मिळतील' एवढंच न लिहिता 'पैसे काढणे, भरणे, केवायसी अद्ययावत करणे शिकवले जाईल' लिहा, शब्द आपोआप खरा होईल.

अण्णा फडताळे

एवढं कशाला? ही सगळी परदेशी खुळं. आपल्याकडे 'सामावून घेणे' होतंच की. समाज सगळ्यांना सामावून घेतच होता, त्याला नाव द्यायची गरज कधी पडली नाही.

वेशीबाहेर

अण्णा, नाव द्यायची गरज पडली होती, फक्त उलट्या बाजूने. समावेशाच्या विरुद्ध अर्थाचा शब्द मराठीत खूप आधी नेमका झाला: बहिष्कृत. १९२४ साली डॉ. आंबेडकरांनी संस्थेच्या नावातच तो घेतला, बहिष्कृत हितकारिणी सभा. आणि हे इतिहासजमा समजू नका. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी द्यावीत, हा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय डिसेंबर २०२०चा आहे. जात पंचायतींनी वाळीत टाकण्याविरुद्धचा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २०१६चा, अंमल जुलै २०१७पासून, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सगळे सामावलेले असते तर एवढं लागलं नसतं.

आता 'सामावून घेणे' या क्रियापदाबद्दल. ते 'मावणे'च्या घरातलं वाटतं. पिशवीत वस्तू मावते किंवा मावत नाही, पिशवी आपला आकार बदलत नाही. दाबून बसवलं तरी 'सामावलं'च म्हणतात. सुनेला सासरी 'सामावून घेतलं' म्हणतात तेव्हा सवयी कोणी बदलल्या हे सगळ्यांना ठाऊक असतं. खडूफळा यांनी सांगितलेला एकात्मिक आणि समावेशक हा फरक नेमका इथे आहे. तपासायचा प्रश्न एकच: बदललं कोण? पिशवी की वस्तू?

अण्णा फडताळे

सुनेचं उदाहरण लागू पडलं. मुद्दा मान्य. पण तरी सामावून घेणे हा बोलीतला शब्द आहे आणि समावेशकता हा अनुवादातला, हे माझं म्हणणं कायम.

मसुदेकार

दोघांचंही बरोबर. म्हणून बोलताना क्रियापदाने सांगावं: 'सगळ्यांना येता येईल', 'कोणालाही अडचण होणार नाही', 'सगळ्यांना धरून चालणे'. भाववाचक नाम फक्त शीर्षकाला ठेवावं.

काना मात्रा

सर्वनामाकडे कोणी लक्ष दिलं नाही म्हणून लिहिते. मराठीला समावेशकता व्याकरणातच मिळालेली आहे. 'आपण' म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही. 'आम्ही' म्हणजे ऐकणारा सोडून. हा भेद गुजरातीत आहे, तेलुगू-तमिळमध्ये आहे. प्रमाण हिंदीत नाही, तिथे 'हम' दोन्हीकडे चालतं. म्हणून हिंदी किंवा इंग्रजीवरून भाषांतर करताना घात होतो. 'आमचं वातावरण समावेशक आहे' या वाक्यात 'आमचं' म्हणताक्षणी वाचक दाराबाहेर उभा राहतो. 'आपलं वाचनालय' म्हटलं की आत येतो. मात्र 'आपण'ला आदरार्थी 'तुम्ही'चाही अर्थ आहे. 'आपण रॅक स्वच्छ ठेवावेत' म्हणजे सगळ्यांनी मिळून की समोरच्याने? नियमात हा गोंधळ नको. तिथे 'सभासदांनी' लिहा.

दुसरं, अर्जांमधलं लिंग. 'मी जाहीर करतो/करते' हा तिरका दंड प्रत्येक ओळीत असतो, शिवाय तृतीयपंथी व्यक्तीने यातलं काय खोडायचं? सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४लाच तृतीय लिंगाला मान्यता दिली आहे, अर्ज अजून दोन खणांतच अडकलेत. मराठीत यातून सुटायच्या वाटा भरपूर आहेत, नवे शब्द पाडावे लागत नाहीत:

'करतो/करते'ऐवजी 'करत आहे'. 'मी जाहीर करत आहे की' सगळ्यांना चालतं. 'राहतो/राहते'ऐवजी 'राहत असून' किंवा 'राहणार'. भविष्यकाळ आपोआप निर्धास्त आहे: 'मी पुस्तक परत करेन', 'सभासद दंड भरेल'. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माच्या लिंगाने चालतो, म्हणून 'मी नियम वाचले आहेत' यात वाचणाऱ्याचं लिंग दिसत नाही. अडतं ते अकर्मकात: 'मी उत्तीर्ण झालो/झाले'. तिथे वाक्य फिरवायचं: 'माझे शिक्षण अमुक इयत्तेपर्यंत झाले आहे'. 'तू राहतोस/राहतेस'पेक्षा 'तुम्ही राहता' बरं. पण सावध, 'तुम्ही आलात' चालतं आणि 'तुम्ही आला होतात' म्हटलं की पुन्हा 'आल्या होतात' उभं राहतं.

नामांत 'मुलगा/मुलगी'ऐवजी मूल, 'वडिलांचे नाव'ऐवजी पालकाचे नाव, 'अर्ज करणारा'ऐवजी अर्जदार. 'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि कोणालाही लावता येतो, त्याचं कोणी मनावर घेत नाही. 'पती'वाल्या पदांबद्दल मात्र वाद होतातच, २००७ साली 'राष्ट्रपती' शब्दावर किती कागद खर्ची पडला ते आठवत असेल. सभापती, कुलपती ही पदनावं आहेत, तशीच ठेवा. उगाच स्त्रीलिंगं घडवू नका.

टंकखिळा

नावाच्या रकान्याबद्दल. १ मे २०२४ला किंवा नंतर जन्मलेल्यांच्या नावाचा क्रम राज्य शासनाने स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा ठरवला आहे. संगणकीय अर्जात 'पहिले, मधले, शेवटचे' असे तीन खण ठेवलेत तर चौथा भाग कुठे घालायचा यावर कर्मचारी आपापली युक्ती लढवतात आणि एकाच बालसभासदाची दोन खाती तयार होतात. 'पूर्ण नाव (ओळखपत्राप्रमाणे)' असा एकच लांब खण ठेवा. किमान शंभर अक्षरांचा, आणि देवनागरीत काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात हे बनवणाऱ्याला सांगा. आडनाव सक्तीचं करू नका, सगळ्यांना ते असतं असं नाही.

श्री., सौ., कु., श्रीमती हा रकाना काढूनच टाका. बोलीत 'श्रीमती' अनेकांना विधवा असल्याची खूण वाटते, सरकारी कागदात ती कोणत्याही स्त्रीसाठी असते. पुस्तक घ्यायला वैवाहिक स्थिती लागत नाही.

आणि फाँट! नियमावली जुन्या डीव्हीबी-टीटी सुरेख किंवा कृतिदेवमध्ये टाइप केली तर पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरं असतात. एनव्हीडीएसारखं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ती अक्षरं वाचतं आणि ऐकणाऱ्याला निव्वळ खडखडाट ऐकू येतो. युनिकोडच वापरा. तपासायला सोपं आहे: पीडीएफमधली एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच राहिली तर ठीक. काहीच उचलता आलं नाही तर ते पान म्हणजे फोटो आहे, स्कॅन करून चढवलेलं. सही-शिक्क्याचं पान स्कॅन असू द्या, पण सोबत मजकुराची प्रत जोडा.

शब्दवेल्हाळ

अपेक्षेपेक्षा फारच मिळालं. बहुतेक वाक्यं सुटली. 'दिव्यांग' की 'अपंग' तेवढं सांगा.

खडूफळा

शासनाकडे जाणाऱ्या कागदात दिव्यांग, कारण प्रमाणपत्रावर तेच आहे. बऱ्याच कार्यकर्त्यांना तो शब्द खटकतो, अंगात दिव्य काही नसतं असं ते म्हणतात आणि 'अपंगत्व असलेली व्यक्ती' पसंत करतात. तुमच्या अर्जात दोन्ही टाळता येतात. प्रकार न विचारता गरज विचारा: चाकाच्या खुर्चीसाठी टेबलाखाली जागा हवी का? पुस्तक वाचून दाखवणारं यंत्र हवं का? कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांची यादी ग्रंथपालाच्या काही कामाची नाही. त्याला खुर्ची हलवायची की नाही एवढं कळलं पाहिजे. आणि हा प्रश्न सगळ्यांना विचारा. गुडघे दुखणारे आजोबा दिव्यांगच्या रकान्यात खूण करत नाहीत, पण खालच्या कप्प्यातलं पुस्तक काढून द्या म्हणतात.

शब्दवेल्हाळ

आता शेवटचं वाक्य. 'आमचं वातावरण इन्क्लुझिव्ह आहे' याचं असं केलं: 'आपल्या वाचनालयात सर्वांना मुक्त प्रवेश आहे आणि प्रवेशद्वारी उतार आहे.' चालेल?

वेशीबाहेर

पहिला अर्धा भाग पुन्हा मोघम. 'मुक्त प्रवेश' म्हणजे फुकट की अडवणूक नाही? 'सभासदत्वासाठी जात, धर्म, लिंग, अपंगत्व यांचा विचार केला जात नाही. रहिवासाचा कोणताही एक पुरावा चालेल.' पुरावा महत्त्वाचा. भाडेकरार, वीजबिल आणि आधार तिन्ही मागितले की भटके-विमुक्त आणि बांधकाम मजूर आपोआप बाहेर, नियमात कुठेही त्यांचं नाव न घेता.

टंकखिळा

आणि उतार आहे असं लिहिण्याआधी मोजा. प्रमाण १ला १२ हवं. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची, त्याला ५.४ मीटर लांबीचा उतार लागतो. जागा नाही म्हणून दीड-दोन मीटरमध्ये उरकलेला उतार १ला ४च्या आसपास जातो. त्यावर चाकाची खुर्ची वर ढकलताना मागे कलते आणि पावसात गुळगुळीत फरशीवर चालणाराही घसरतो. बहुतेक ठिकाणी त्याचा उपयोग दुचाकी चढवायला होतो. उतार वळवून घेतला तर तेवढ्याच अंगणात लांबी बसते, मध्ये वळायला सपाट जागा ठेवावी लागते. दार उघडल्यावर ९० सेंटिमीटर मोकळं मिळतं का तेही बघा.

शब्दवेल्हाळ

उतार ४ मीटर भरतो, दोन पायऱ्यांसाठी. १५-१५चं ३० होतं, म्हणजे ३.६ पुरे. दार ९५. लिहायला हरकत नाही ना?

टंकखिळा

उताराचं ठीक. उंबरा किती आहे? १२ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर आधी सुताराला बोलवा, मग छापखान्याला.